मोकळेपणाने विचारा: पाणी आतपर्यंत नेऊ नका

या महिन्यात पांढरं जाणं, वास आणि 'आतून स्वच्छ करणं' या विषयांवर बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. डूश हा शब्द पत्रांत फारसा कुणी वापरलेला नाही. पण जेट स्प्रे, पिचकारी, काढ्याने धुणं, बोटाने आत साबण फिरवणं हे सगळं डूशच आहे. योनिमार्गात पाणी किंवा दुसरा कुठलाही द्रव सोडून तो धुऊन काढला, की त्याला डूश म्हणायचं.

पाळी संपली की चौथ्या-पाचव्या दिवशी न्हाताना मी जेट स्प्रेने आतपर्यंत पाणी घेते. त्याशिवाय स्वच्छ वाटतच नाही. साबण नाही, औषध नाही, नुसतं पाणी आहे. त्याने काय बिघडणार? (वय २९, ठाणे)

गोम 'नुसतं पाणी' याच शब्दांत आहे.

वयात आल्यापासून पाळी जाईपर्यंत योनिमार्गाच्या अस्तरातल्या पेशी इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या प्रभावाने ग्लायकोजेन नावाचं पिष्ट साठवतात. या पेशी सतत झडत असतात. त्यांच्यातल्या ग्लायकोजेनची साखर होते, ती लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू खातात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. दुधाचं दही होताना घडतं तेच इथे घडतं, फक्त जिवाणूंच्या जाती वेगळ्या. अल्बर्ट डोडरलाइन या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने १८९२ साली या जिवाणूंचं वर्णन केलं, म्हणून जुनी पुस्तकं त्यांना 'डोडरलाइनचे बॅसिलाय' म्हणतात. या आम्लामुळे तिथला सामू, म्हणजे पीएच, ३.८ ते ४.५ राहतो. साधारण ताकाइतका आंबटपणा समजा. इतक्या आंबट जागेत आतड्यातले आणि इतर उपद्रवी जिवाणू वाढू शकत नाहीत.

नळाच्या पाण्याचा सामू ७ च्या आसपास असतो. सामूच्या मोजपट्टीवर एक अंक म्हणजे दहापट फरक, त्यामुळे ४ आणि ७ यांच्या आंबटपणात हजारपटीचं अंतर पडतं. एकदा पाणी गेलं म्हणून लगेच आजार होत नाही. निरोगी योनिमार्ग थोड्या दिवसांत स्वतःला सावरतो. तुमच्या बाबतीत वेळ चुकते आहे. पाळीच्या रक्ताचा सामू ७.४, म्हणजे ते चार-पाच दिवस आम्लता आधीच कमी झालेली असते. पाळी थांबते आणि लॅक्टोबॅसिलस पुन्हा वाढीला लागतात, नेमकं त्याच दिवशी त्यांना धुऊन काढलं जातं. दर महिन्याला हेच.

दुसरा त्रास दाबाचा. जेट स्प्रे बनवला आहे शौचाची जागा धुण्यासाठी. त्याचा फवारा आत मारला की बाहेरच्या त्वचेवरचे आणि गुदद्वाराजवळचे जिवाणूही आत ढकलले जातात. स्प्रे मागच्या बाजूने धरला असेल तर जास्तच.

पाळी संपल्यावर एक-दोन दिवस तपकिरी डाग दिसतात ते जुनं रक्त असतं. ते आपोआप खाली येतं, त्यासाठी पातळ पॅड पुरे.

मग धुवायचं कसं? दिवसातून एकदा, घाम फार येत असेल तर दोनदा. पाणी साधं किंवा कोमट, मगने ओतलेलं सर्वांत चांगलं. स्प्रेच वापरायचा असेल तर दाब कमी करून समोरून, मागच्या दिशेने वाहील असा धरा. दोन्ही ओठांच्या घड्यांत बोटाने हलकेच पाणी फिरवा, कारण पांढरट थर तिथे साठतो. बोट योनिमुखाच्या आत घालायचं नाही. साबण फक्त केस असलेल्या भागावर, तोही सौम्य. शेवटी सुती कापडाने टिपून कोरडं करा. घासायचं नाही. ओल्या अंगावर सिंथेटिक चड्डी चढवली तर वरची सगळी मेहनत पाण्यात.

गेलं वर्षभर मासळीसारखा वास येतो, संबंधानंतर जास्तच. व्हिनेगरच्या पाण्याने धुतलं, महागडा इंटिमेट वॉशही वापरला. दोन दिवस बरं वाटतं, की पुन्हा तेच. नवऱ्यासमोर लाजल्यासारखं होतं. (वय ३४, पिंपरी)

तुम्ही सांगता ते चित्र बॅक्टेरियल व्हजायनोसिसचं दिसतं. लॅक्टोबॅसिलस कमी होतात आणि गार्डनरेला, प्रिव्होटेला यांसारखे जिवाणू प्रचंड वाढून अस्तरावर चिकट थर धरतात. याला अस्वच्छता जबाबदार नसते. उलट आतून धुणाऱ्या बायकांमध्ये हा त्रास जास्त आढळतो.

वासाचं कारण कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. हे जिवाणू अमाइन्स नावाची द्रव्यं तयार करतात, त्यातलं ट्रायमिथिलअमाइन हे शिळ्या मासळीतही असतं. आंबट वातावरणात अमाइन्स बांधलेली राहतात, आम्लता घटली की वास होऊन उडतात. कोकणात मासळीला कोकमाचं आगळ किंवा लिंबू चोळतात ते याच रसायनशास्त्रावर. वीर्याचा सामू ७.२ ते ८, पाळीच्या रक्ताचा ७.४, म्हणून संबंधानंतर आणि पाळीत वास वाढतो. व्हिनेगरने दोन दिवस वास का दबतो, तेही यावरून कळेल. अमाइन्स तेवढी बांधली जातात, जिवाणूंचा थर जागच्या जागी राहतो, आणि उरलेसुरले लॅक्टोबॅसिलस मात्र वाहून जातात. वास आला म्हणून धुतलं, धुतल्यामुळे वास आला, असं चक्र सुरू होतं. (हे वाचून कुणी लिंबू आत लावायला जाऊ नये. आग होईल, जखमही होईल.)

इंटिमेट वॉशचा सामू ३.५ वगैरे असल्याचं बाटलीवर लिहिलेलं असतं. असेलही. पण तो बाहेरच्या त्वचेसाठी आहे. बाहेर लावलेल्या आम्लाने आतला सामू बदलत नाही, आणि आत घातलं तर त्यातला फेस आणि सुगंध अस्तराला झोंबतो. आमच्या मते ही बाटली घरात नसली तरी काही अडत नाही.

तपासणीत डॉक्टर चार गोष्टी बघतात: पातळ, एकसारखा, राखाडी-पांढरा स्राव; सामू ४.५ पेक्षा जास्त. स्रावाच्या थेंबावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकल्यावर येणारा मासळीचा वास. आणि सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूंनी माखलेल्या पेशी. चारपैकी तीन जुळल्या की निदान पक्कं. प्रयोगशाळेच्या अहवालावर 'न्यूजंट स्कोअर' लिहिला असेल तर ० ते ३ सामान्य, ४ ते ६ मधली स्थिती आणि ७ ते १० म्हणजे व्हजायनोसिस.

उपचार ठरलेले आहेत. मेट्रोनिडॅझोलच्या ४०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून दोनदा सात दिवस, किंवा त्याचंच ०.७५ टक्क्यांचं जेल पाच दिवस, किंवा क्लिंडामायसिनची २ टक्क्यांची क्रीम सात रात्री. यातलं तुम्हाला काय, हे डॉक्टर ठरवतील. तिसऱ्या दिवशी वास गेला म्हणून गोळ्या थांबवणं ही नेहमीची चूक. थर पूर्ण मरत नाही आणि आजार परत फिरतो. क्लिंडामायसिन क्रीम तेलकट असते, तिच्याने कंडोम कमकुवत होतो, हे दुकानात कुणी सांगत नाही.

पूर्ण उपचार घेऊनही वर्षभरात निम्म्याहून अधिक जणींना हा त्रास पुन्हा होतो. त्यामुळे परत आला तर स्वतःला दोष देऊ नका. इथे तुमच्या यजमानांचाही संबंध येतो. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत कायम जोडीदार असलेल्या स्त्रियांबरोबर पुरुषांनाही सात दिवस मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या आणि लिंगावर लावायला क्लिंडामायसिन क्रीम दिली. बारा आठवड्यांत त्यांच्यापैकी ३५ टक्के स्त्रियांना त्रास उलटला. फक्त स्त्रियांनाच औषध दिलेल्या गटात हे प्रमाण ६३ टक्के होतं. पुढच्या भेटीला दोघं जा आणि डॉक्टरांना हे थेट विचारा.

सासूबाई पांढरं जाण्यावर तुरटीच्या पाण्याने किंवा त्रिफळ्याच्या काढ्याने धुवायला सांगतात. आयुर्वेदातही योनिप्रक्षालन आहेच ना? (वय २६, कराड)

आधी एक प्रश्न: जे जातं आहे तो आजार आहे का? रोज १ ते ४ मिलीलिटर पांढरट किंवा पारदर्शक स्राव जाणं ही निरोगी गोष्ट आहे. दोन पाळ्यांच्या मध्यावर, बीज सुटताना, तो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा तार धरतो. गरोदरपणात वाढतो. चड्डीवर वाळून पिवळसर दिसतो. वास नाही, खाज नाही, आग नाही, तर उपचार कशाचा करायचा? 'पांढरं गेल्याने हाडं झिजतात, कंबर भरते' हे घरोघरी ऐकू येतं, पण त्या स्रावात हाडांतलं काही नसतं. कंबरदुखीचं कारण बहुधा रक्तक्षय, उभ्याने काम किंवा आणखी काही निघतं.

तुरटी आकसवते. दाढीनंतर कापलेल्या जागी ती रक्त थांबवते त्याच गुणाने ती योनिमार्गाचं अस्तर कोरडं आणि खरखरीत करते. ती आम्लधर्मी आहे म्हणून चालेल, असा युक्तिवाद कुणी केला तर ऐकू नका. लॅक्टोबॅसिलसना आंबटपणाइतकंच ओलसर, अखंड अस्तर लागतं. कोरड्या अस्तरावर संबंधाच्या वेळी बारीक चिरा पडतात आणि त्यातून एचआयव्हीसह लैंगिक आजारांना वाट मिळते. 'घट्ट होण्यासाठी' तुरटी वापरणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे.

प्रक्षालन आयुर्वेदात आहे, खरं आहे. पण तिथे वैद्य तपासून, ठरावीक आजारासाठी, पंचवल्कलासारखा (पाच झाडांच्या सालींचा) ताजा गाळलेला काढा मोजके दिवस वापरतात. रोजच्या अंघोळीसारखी सवय म्हणून ते सांगितलेलं नाही. घरी होतं काय, तर काढा रात्री उकळून तसाच ठेवतात, सकाळी त्यात जिवाणू वाढलेले असतात, गाळ नीट गाळलेला नसतो आणि पिचकारी कधी उकळलेली नसते. वैद्यांकडे जायचं असेल तर जरूर जा, पण निदान आधी आणि धुणं नंतर. गरोदर असाल तर कुठलंही प्रक्षालन नको. पिचकारीच्या हवेने गरोदरपणात रक्तवाहिनीत हवेचा बुडबुडा शिरून जीव धोक्यात येऊ शकतो. असं क्वचित घडतं, पण घडलेलं आहे.

सासूबाईंना दुखवायचं नसेल तर तुरटीचं पाणी बादलीभर करून पायांवर घ्या.

खाज फार आहे, दह्यासारखं घट्ट पांढरं जातं. मैत्रीण म्हणते आत दही लाव, त्यात चांगले जिवाणू असतात. (वय २३, नांदेड)

हे बहुधा बुरशीचं, म्हणजे कॅन्डिडाचं. यात वास फारसा नसतो, सामूही ४.५ च्या आतच राहतो. म्हणून वरच्या पत्रातलं औषध इथे चालत नाही, उलट प्रतिजैविकांनी बुरशी वाढते. क्लोट्रिमॅझोलची ५०० मिलिग्रॅमची योनीत ठेवायची एक गोळी, किंवा फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम एकदा, एवढ्यात बहुतेकींना उतार पडतो. गरोदरपणात फ्लुकोनॅझोल घ्यायचं नाही, क्लोट्रिमॅझोल चालतं. वर्षात तीन-चारदा झालं तर रक्तातली साखर तपासून घ्या. स्राव हिरवट-पिवळा आणि फेसाळ असेल तर मात्र ट्रायकोमोनास हा संबंधातून पसरणारा परजीवी असू शकतो, आणि त्यात जोडीदारालाही औषध लागतंच.

दह्यातल्या जिवाणूंच्या जाती योनीत वस्ती करणाऱ्यांपेक्षा वेगळ्या. ते तिथे टिकत नाहीत, आणि घरच्या दह्यात त्यांच्यासोबत आणखी काय काय असतं ते कुणी तपासलेलं नसतं. दही खा.

संबंधानंतर लगेच आतून धुतलं तर गर्भ राहत नाही, हे खरं का? (वय २१, पुणे)

नाही. काही मिनिटांत शुक्राणू गर्भाशयमुखाच्या चिकट स्रावात शिरलेले असतात, तिथे पाणी पोहोचत नाही. संरक्षणाशिवाय संबंध आला असेल तर लेव्होनॉरजेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. पाच दिवसांच्या आत तांबी बसवणं त्याहून खात्रीचं. पाळी आठवडाभर लांबली तर लघवीची चाचणी करा.

मुलगी बाळंत होऊन बारा दिवस झाले, टाके आहेत. मदतीला येणाऱ्या बाई जंतुनाशक घातलेल्या पाण्याने आतून धुवायला आणि शेगडीवर धुरी द्यायला सांगतात. (सिन्नरहून, आई)

आतून धुणं पूर्ण बंद. गर्भाशयमुख अजून नीट मिटलेलं नाही आणि वार सुटलेली जागा आत जखमेसारखी उघडी आहे. पिचकारीने ढकललेलं पाणी जिवाणूंना घेऊन थेट तिथे पोहोचू शकतं. जंतुनाशक घातलं म्हणून ते सुरक्षित होत नाही. सलाइन, व्हिनेगर आणि पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक यांची तुलना केली तेव्हा पहिल्या दोघांनी जिवाणू थोडा काळच कमी झाले. पोव्हिडोन आयोडीनने लॅक्टोबॅसिलस जास्त मारले आणि उपद्रवी जिवाणूंना मोकळं रान मिळालं. बाटलीतलं जंतुनाशक कमी पाण्यात मिसळलं तर अस्तर भाजतं, तो भाग वेगळाच.

टाक्यांसाठी रुंद टबात कोमट पाणी, दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं बसणं, मग टिपून कोरडं करणं. मीठ, औषध काही नको. शौचाला किंवा लघवीला गेल्यावर मगने पुढून मागे पाणी ओतायचं. पॅड दर चार-सहा तासांनी बदला, भरलेलं नसलं तरी. अंगावरून जाणं चार ते सहा आठवडे चालतं. पहिले तीन-चार दिवस लाल, मग गुलाबी-तपकिरी, मग पिवळट-पांढरं. लालाचं फिकट झाल्यावर पुन्हा ताजं लाल आणि भरपूर जाऊ लागलं, तासाभरात पॅड भिजला, १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर ताप आला किंवा कुजका वास आला, तर त्याच दिवशी दवाखाना.

ओवा-बाळंतशेपांच्या धुरीने आतलं काही भरून येत नाही. टाक्यांची जागा बधिर असते, चटका लवकर कळत नाही, आणि तो धूर बाळाच्या छातीत जातो. खोली गरम ठेवायची तर ठेवा, शेगडी बाहेर.

वय ५६, पाळी जाऊन सहा वर्षं झाली. आग, खाज, कोरडेपणा. अँटिसेप्टिकने धुते तेवढ्यापुरतं बरं वाटतं. (वाचक, पणजी)

पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, ग्लायकोजेन घटतं, लॅक्टोबॅसिलसचं खाणं संपतं आणि सामू ५ च्या वर जातो. अस्तर पातळ होतं. जंतू हे मूळ कारणच नाही, त्यामुळे जंतुनाशकाने पातळ अस्तर आणखी सुकतं. आज रात्रीपासून ते बंद करा. डॉक्टर बहुधा योनीत लावायची इस्ट्रिऑलची (हा इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) क्रीम देतील: पहिले काही आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. फरक पडायला महिना-दीड महिना लागतो, आठ दिवसांत सोडून देऊ नका. स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर ते आधी सांगा. त्वचेवर पांढरे, पातळ, चकचकीत चट्टे असतील तर तो वेगळा त्वचारोग असतो, त्याचं औषध निराळं. रक्ताचा एक ठिपका जरी दिसला तरी सोनोग्राफी करून घ्या.

डॉक्टरांकडे जाताना स्वच्छ होऊन जावं म्हणून मी आतून धुऊनच जाते. बरोबर ना? (वय ३८, सोलापूर)

डॉक्टरांना जे बघायचं आहे तेच त्यात वाहून जातं. तपासणीआधी ४८ तास आत पाणी, क्रीम, गोळी काही नको, संबंधही नको. पॅप स्मिअरसाठी, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी, हे जास्तच पाळा, आणि पाळी चालू असेल तर तारीख पुढे घ्या. बाहेरून रोजच्यासारखं न्हाऊन जा. केस काढण्याची गरज नाही. कागदावर चार गोष्टी लिहून न्या: शेवटची पाळी कधी, स्रावाचा रंग-वास-घट्टपणा, आतापर्यंत काय काय घातलं किंवा घेतलं, जोडीदाराला काही त्रास आहे का. आतून धुता हेही सांगा, डॉक्टर रागावले तरी. ओटीपोटात दुखणं, ताप किंवा संबंधाच्या वेळी खोलवर कळ असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा. संसर्ग गर्भनलिकांपर्यंत चढला असू शकतो आणि तिथे दिरंगाई मूल होण्यावर बेतते. आतून धुण्याचा व्हजायनोसिसशी संबंध पक्का दिसतो, गर्भनलिकांच्या सुजेशी तितका नि:संशय नाही. पण दुखत असताना धुऊ नयेच.

पैशांची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयांतल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. पांढरं जाण्यासाठी तिथे हिरव्या रंगाचं पाकीट देतात, त्यात सेक्निडॅझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम असतं. गरोदर असाल तर पाकीट घेण्याआधी तसं सांगा.

नाव-गाव न लिहिलेल्या एका पत्राचं उत्तरही इथेच. जबरदस्ती झाली असेल तर तपासणीआधी अंगावर पाणी घेऊ नका, कपडे धुऊ नका, ते कागदी पिशवीत ठेवा. ९६ तासांपर्यंत नमुने घेता येतात. अंघोळ झाली असली तरी जा. सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाला मोफत उपचार द्यावेच लागतात, आणि त्यासाठी आधी पोलिसांत जाण्याची अट नाही.